हार्लनच्या उजव्या कानातून

मी हार्लन टिबेट्सच्या उजव्या कानातलं श्रवणयंत्र बोलतोय. आकाराने शेंगदाण्याएवढा, पण या घरातलं माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. फुशारकी वाटली तर वाटू द्या. ऐकणं हा माझा धंदाच आहे.

हार्लनने चाळीस वर्षं फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर कोळंबीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त केली आणि त्या आवाजात कान घालवून बसला. सरकारी विम्यात माझा खर्च बसत नव्हता. मग त्याच्या मुलीने, नॅडीनने, नऊ वर्षांपूर्वी मला क्रेडिट कार्डावर घेतलं. पहिल्या दिवशी फ्रिजची घरघर ऐकून हार्लन म्हणाला, "हा कायम असाच कुरकुरतो?" नॅडीन हसता हसता रडली.

पुढे शाळेच्या स्वयंपाकघरातले तिचे कामाचे तास कमी झाले आणि हप्ते थकले. बँकेने ते कर्ज कुठल्याशा वसुली कंपनीला विकलं. पाकिटं यायची, नॅडीन ती न फोडता फ्रिजवर टाकायची. ती विषय काढू लागली की हार्लन मला बंद करायचा. माणसांचं मला भारी नवल वाटतं. ऐकलं नाही म्हणजे घडलंच नाही, असं त्यांना खरोखर वाटतं!

त्यातल्याच एका पाकिटात कोर्टाचं बोलावणं होतं. ती गेली नाही, निकाल तिच्या माघारी लागला. या मार्चमध्ये तिच्या पगारातला चौथा हिस्सा परस्पर कापला जाऊ लागला.

गरिबांना फुकट सल्ला देणारी वकीलबाई म्हणाली, "कमी पगारात जो दुसऱ्याचा निम्म्याहून जास्त खर्च उचलतो, त्याचा पगार इथे कापता येत नाही. वीस दिवसांत अर्ज करा. कंपनीने हरकत घेतली तर मात्र वडिलांना कोर्टात सांगावं लागेल."

घरी हार्लन भडकला. "मी सांगू? चारचौघांत? की मी पोरीच्या जिवावर जेवतो?"

"मग काय मी तुमच्या जिवावर जेवते, डॅडी?"

"न्हाव्याकडे मी काय सांगत आलोय, माहितेय ना तुला?"

"अख्ख्या गावाला माहितेय. म्हणे पोरीला मी सांभाळतो! भाडं कोण भरतं ते न्हावी कशाला विचारेल?"

त्याचा हात माझ्याकडे आला. नॅडीनने तो मधेच धरला. "आज बंद करायचं नाही. पगार असाच कापला गेला, तर जूनमध्ये हे घर सोडावं लागेल. आपल्या दोघांना."

कंपनीने हरकत घेतलीच. कोर्टात कंपनीचा वकील गोड आवाजात म्हणाला, "टिबेट्ससाहेब, तुम्हाला पेन्शन आहे. तरी मुलगी तुम्हाला पोसते म्हणता?"

मीठ मागायलाही ओरडणारा हा माणूस काहीतरी पुटपुटला. मलासुद्धा नीट कळलं नाही.

"जरा मोठ्याने," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

हार्लन उभा राहिला. "पेन्शन औषधांतच संपते. भाडं ती देते, खाणं तिचं, हे कानातलं यंत्रही तिनेच घेतलंय. मी गावभर उलटं सांगत फिरलो, ते खोटं होतं. माझी पोरगी मला पोसते."

न्यायाधीशबाईंनी कागद चाळले, एकदोन प्रश्न विचारले आणि कपात थांबवली. कर्ज संपलेलं नाही, कंपनी टपून आहे. पण आता पाकीट आलं की त्याच दिवशी टेबलावर फुटतं आणि हार्लन ते मोठ्याने वाचतो.

माझं म्हणाल तर कवचाला चीर गेलीय, माझे सुटे भाग आता मिळत नाहीत. जाईन तेव्हा खुशाल जाईन. तुमच्याकडे असं पाकीट पडून असेल तर आजच फोडा, एवढीच विनंती.

त्या दिवशी कोर्टातून परतताना नॅडीनने गाडी सुरूच केली नाही. स्टीअरिंगवरचे हात काढून ती त्याच्याकडे वळली.

"काय झालं?" हार्लनने विचारलं.

"डॅडी," ती म्हणाली, "ते पुन्हा एकदा म्हणा ना."