गोठलेल्या तळ्यावर गळ

संयोगितानं फोनवर व्हिडिओ दाखवला आणि तिचे वडील केरबा जेवता जेवता ताटावरून उठलेच. कॅनडातलं एक अफाट तळं, या टोकाचं त्या टोकाला दिसत नाही, आणि सगळं गोठून पांढरंशुभ्र! त्यावर चक्क जीपगाड्या उभ्या. एक माणूस भल्यामोठ्या गिरमिटानं बर्फाला भोक पाडत होता आणि दुसरा तंबूत बसून त्या भोकात गळ सोडत होता.

"आबा, जानेवारीत तुम्ही दोघं इकडं आलात की आपण जायचं," संयोगिता म्हणाली. "आमच्या घरापासनं दीड तास."

मंगळवार पेठेतल्या केरबांच्या घरात मग दुसरा विषयच उरला नाही. केरबा म्हणजे चाळीस वर्षं दर रविवारी राजाराम बंधाऱ्यावर गळ टाकून बसणारा माणूस. लोकरीचे मोजे किती न्यायचे, विमानात गळ नेऊ देतील का, तिथला मासा कणकेच्या गोळीला भुलेल का, असं त्यांचं दिवसभर चालायचं. त्यांची बायको झुंबरबाई ऐकून हसायची. तळ्यावर जायच्या दिवशी ती संयोगिताच्या घरी थांबून नातीला सांभाळणार, हे कुणी ठरवलं नव्हतं. सगळे तसं धरून चालले होते. पण भाकरी थापताना तिच्या डोळ्यांपुढं सारखं ते भोक यायचं. खाली काळंभोर पाणी, आणि त्यात फिरणारा मासा.

अडचण एकच होती. केरबांना थंडीत दम लागायचा, आणि तिकडं पारा उणे वीसवर. झुंबरबाईचा भाचा विश्वजित शिरोलीला आइस्क्रीमच्या कारखान्यात कामाला होता. तो म्हणाला, "आत्या, आमच्या कोठीत उणे वीसच असतंय. मामांना घेऊन या, आधी बघूया तरी."

शनिवारी सकाळी दोघं अंगावर दोन-दोन स्वेटर आणि वर कारखान्यातले जाड कोट चढवून कोठीत शिरली.

"हे काय, पन्हाळ्यावर आल्यागत वाटतंय," केरबा छाती काढून म्हणाले. तिसऱ्या मिनिटाला त्यांना खोकल्याची जी उबळ आली ती थांबेना. विश्वजितनं त्यांना हाताला धरून बाहेर आणलं, चहा दिला. श्वास जाग्यावर आल्यावर केरबांनी विचारलं, "तुझी आत्या कुठाय?"

विश्वजितनं घाबरून दार उघडलं. झुंबरबाई खोक्यांच्या रांगेत उभी होती. दोन्ही हात पुढं, मुठी आवळलेल्या, जणू हातात काठी आहे. नजर खाली फरशीवर.

"आत्या, बाहेर या की!"

"थांब रं. अजून पाय बी गारठलं न्हाईत."

बाहेर आल्यावर तिनं पाहिलं, केरबांचा चेहरा पार उतरला होता. "मला न्हाय जमायचं," ते म्हणाले. "सांग पोरीला."

ती शेजारी बाकावर बसली. धीराचं काहीतरी बोलावं असं तिच्या मनात होतं, पण तोंडातून भलतंच निघालं.

"मग मी जातो."

"तू? गळ धरलायस का कधी हातात?"

"मुरगूडला, लग्नाआधी. दादासंगं रोज वेदगंगेवर जायचो. एकदा हातभर मरळ काढलाय मी. दादाला उचलंना, मी ओढला."

केरबांनी चहाचा कप बाकावर ठेवला. "आणि इतकी वर्षं मी आणल्यालं मासं नुसतं साफ करत बसलीस? एका शब्दानं बोलली न्हाईस?"

"तुम्ही घरात आला की तासभर तुमच्याच माशाचं सांगत हुता. मी बोलणार कवा?"

विश्वजित फस्सकन हसला. मग केरबांनाही हसू आवरेना.

घरी येताच त्यांनी आपली गळाची पिशवी कधी नव्हे ती तिच्यापुढं ठेवली. "बांध बघू." झुंबरबाईनं दोरा ओला करून गळाला गाठ मारली. केरबांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. सुटली नाही.

दुसऱ्या दिवशी बंधाऱ्यावर दोघं जोडीनं बसली. नेहमीची मंडळी माना वळवून बघत होती. तासाभरात झुंबरबाईच्या गळाला चांगली वीतभर चिलापी लागली, तेव्हा केरबा एवढ्यानं ओरडले की पलीकडं म्हशी धुणारा माणूस दचकला.

संध्याकाळी फोन तिनंच लावला. "संयोगिता, ते मासं धरायचं लायसन माझ्या नावानं काढ."

"तुझ्या? आणि आबा?"

"मी गाडीत हीटर लावून बसतो," केरबा मागून म्हणाले. "हिनं मासा काढला की काचंतनं दावायचा. नात माझ्या मांडीवर."

संयोगिता हसून हसून बेजार झाली. झुंबरबाईला मात्र धीर निघत नव्हता.

"बर्फाला भोक केवढं पाडत्यात गं?"

"असेल वीतभर."

"आणि मासा?"

संयोगितानं फोन टेबलावर उभा केला आणि दोन्ही हात फाकवून दाखवले. झुंबरबाईनं त्या अंतराकडं नीट बघून घेतलं.

"मग भोक जरा थोरलं पाडाय सांग त्यास्नी," ती म्हणाली.