देवांना काळं कोण फासतं?

उमाबाईंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ओसरीवर निरंजन महाराज मांडी ठोकून बसले होते आणि समोरच्या ताटात देवघरातले चांदीचे टाक होते, काळेठिक्कर. महाराजांनी ओलं भस्म लावून अंगठ्यानं घासलं, तसे टाक लख्ख झाले. गर्दीनं हात जोडले.

"माझ्या मठात ठेवा, वर्षभर असेच राहतील," महाराज म्हणाले. "या घरात चार दिवसांत काळवंडतात. नवीन काय आलंय घरात?"

सगळ्या माना शिल्पाकडं वळल्या. ती दिवाळीनंतर उमाबाईंची सून म्हणून आली होती. त्याच सुमारास परसात गोबरगॅसही आला होता; पण तिकडं बघावं असं एकालाही वाटलं नाही.

"पौर्णिमेच्या आत हिला माहेरी पोचती करा. परत आणू नका."

शिल्पाचा नवरा व्यंकट अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. तिला महाराजांपेक्षा त्याचाच जास्त राग आला. किती वेळा सांगितलं होतं, शेगडीला सडक्या अंड्याचा वास येतो, पायातली जोडवी काळी पडायलीत, पेटीतले पैंजण मात्र पांढरे आहेत. सासूबाई म्हणायच्या, "शेणाचा गॅस हाय, अत्तराचा वास येईल का?" व्यंकट म्हणायचा, "बघू."

"महाराज, तुमचं कडं चांदीचं हाय ना?" तिनं विचारलं.

"शंभर नंबरी! हिमालयात गुरूंनी दिलंय. याला काळिमा शिवत नाही."

"मग द्या इकडं."

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? शिल्पा परसात गेली, गर्दी मागं. "बिड्या विझवा आधी," तिनं दटावलं. कडं प्लास्टिकच्या पिशवीत टाकलं, गॅसची नळी आत खुपसून तोंड आवळलं. पिशवी फुगली. महाराज मंत्र पुटपुटू लागले.

"मोठ्यानं म्हणा," शेजारची लक्ष्मम्मा म्हणाली, "कड्याला ऐकू जाऊ द्या."

कडं पिवळसर झालं, मग तपकिरी, मग काळं.

"हिची नजर लागली!" महाराज ओरडले.

"तुमच्या बोटातल्या चांदीच्या अंगठीकडंबी मघापासून बघायले की मी. ती कशी पांढरी?"

गर्दीत हशा पिकला. शिल्पानं सांगितलं: शेणाच्या गॅसमध्ये गंधकाचा एक वायू असतो, तोच घाण वास मारतो, तोच चांदी काळी करतो. मठात गोबरगॅस नाही, म्हणून तिथं टाक पांढरे. महाराज कडं न घेताच गेले.

दुसऱ्या दिवशी व्यंकटनं निलंग्याहून लोखंड कातायच्या लेथ मशीनवर निघणारा, गंजलेला लोखंडी कीस आणला. जाड पाइपात भरून तो गॅसच्या वाटेत बसवला. गंज तो वायू धरून ठेवतो. वास गेला, टाक पांढरे राहिले.

महिन्यानं उमाबाई शेजारणीला सांगत होत्या, "महाराज येऊन गेले अन् गुण आला बघा!"

शिल्पानं कपाळावर हात मारला. गॅसची चावी बंद केली, पाइप खोलला आणि आतला काळाकुट्ट कीस सासूच्या पायाशी ओतला.

"ह्यो बघा तुमचा महाराज! देवाच्या वाट्याचं काळं ह्यानं घेतलं."

उमाबाई शेजारणीकडं न बघता म्हणाल्या, "आता ह्याचं काय करायचं?"

"हवेला पसरा. पुन्हा लाल होईल, पुन्हा वापरू."

उमाबाईंनी खराटा घेऊन कीस पसरला.

बायांनो, बापयांनो, घरात काही काळं पडलं तर आधी नळी हुंगा. माणसाकडं बोट दाखवायची घाई करू नका. विशेषतः ते माणूस नवीन सून असेल तर.