आण्णांचा ग्रीसचा डबा

मुरुमच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल, असं दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. सोड्याच्या साबणाचं ग्रीस आणि लिथियमच्या साबणाचं ग्रीस एकत्र कालवलं की जाळी मोडते, तेल गळून जातं, हेही पोरांना बजावते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ती बाई मीच.

आमचे वडील, आण्णा, ढोकीत ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. ते गेले तेव्हा मागं सोड्याच्या ग्रीसचा अर्धा डबा उरला. त्या वर्षी खंडेनवमीला अवजारांची पूजा झाल्यावर माझा धाकटा भाऊ रणधीर उसाच्या ट्रॉलीच्या चाकांत ग्रीस भरायला बसला. आधी डब्यातली मूठ, वर बाजारातलं नवं ग्रीस.

"ताई, आण्णांचा हात लागल्यावाणी वाटतंय बघ," तो म्हणाला.

नवं ग्रीस लिथियमचं होतं. मी ते नव्या डब्यावर वाचलं होतं. पण शेजारी आई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन उभी, डोळे भरलेले. माझी जीभ उचलली नाही. एका मुठीनं काय होतंय, असं मी, एवढी शिकलेली, मनाशी म्हणाले.

पौषात भरल्या ट्रॉलीचं चाक कुरकुरायला लागलं. रणधीर उतरून वाकून बघत होता, तेवढ्यात चाक निखळलं आणि ट्रॉली त्याच्यावर कलली. आतलं तेल कधीच गळून गेलं होतं, बेअरिंग कोरडं पडून जळालं होतं. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

दवाखान्यात आई त्याच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "ह्यांचा हात पाठीशी व्हता म्हणून जीव वाचला, लेकरा. पुढच्या साली समद्या चाकांला त्येंच्याच डब्यातलं लावू."

ती चहा आणायला गेली, तेव्हा मी रणधीरला सगळं सांगून टाकलं. त्यानं पाय नव्हता तिथली सपाट चादर हातानं चाचपली.

"तुला तवाच ठाऊक व्हतं?"

"व्हय."

"आईला सांगू नगंस."

घरी येऊन मी डबा रिकामा केला, रॉकेलनं घासला, नव्या ग्रीसनं भरून जागेवर ठेवला. आई अजून त्याला अमावास्येला उदबत्ती ओवाळते. रणधीर माझ्याशी बोलतो, विचारलं तेवढं. ताई मात्र म्हणत नाही.