कोरडा गोळा

डोळ्यांपायी माझ्या नवऱ्याचा, विल्फचा, गाडीचा परवाना जानेवारीत गेला आणि त्याच आठवड्यात त्याने आमची कॅराव्हॅन, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, विकायला काढली. गिऱ्हाईक घरातलंच, त्याचा धाकटा भाऊ स्टॅनली. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. जुनी मोडीत काढून ही आम्ही गेल्या शरदात घेतलेली, अजून एकदाही बाहेर नेली नव्हती. बत्तीस वर्षं मी विल्फच्या शेजारी बसून नकाशे वाचले, तेव्हा मला फक्त नकाशे वाचता येतात असं दोघा भावांनी ठरवून टाकलं होतं. अकरा वर्षं हॅलिफॅक्सच्या पोरांची शाळेची बस कोण चालवत होतं, ते दोघेही विसरले.

समुद्रकाठच्या फायली गावाला कॅराव्हॅन मी नेणार, असं मी सांगून टाकलं. विल्फने चहा ढवळता ढवळता अट घातली की वाटेत ती एकदा जरी डुलली, तरी स्टॅनली ती फायलीहूनच घेऊन जाणार. मी लगेच हो म्हटलं. त्या रात्री मला झोपच येईना, इतका आनंद झाला होता.

आमच्या नव्या गाडीला टोबारच, म्हणजे कॅराव्हॅन जोडायचा मागचा दांडाच, नव्हता. डग्लस रॉथरीच्या गॅरेजमध्ये विल्फने त्याच्या सवयीचा बार मागितला, सपाट पाटीला दोन बोल्टांनी गोळा बसवलेला, आखूड मानेचा. डग्लसने आमच्या कॅराव्हॅनचं कपलिंग, म्हणजे गोळ्यावर बसणारं डोकं, पाहिलं आणि मान हलवली.

"काका, हे डोकं स्टॅबिलायझरचं आहे, डुलू न देणारं, जाडजूड. आखूड मान घेतलीत तर वळणावर बारलाच आपटेल. लांब मानेचा घ्या, नाहीतर हा हंसमानी घ्या."

हंसमानी म्हणजे एकच वाकडी मान आणि टोकाला गोळा. तो काढताही येत होता, म्हणजे सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये लोकांच्या नडग्या शाबूत राहिल्या असत्या. विल्फ सपाट पाटीलाच चिकटून होता. मी मात्र बार पुढच्या टोकाचं किती वजन पेलतो ती पट्टी वाचली, आमच्या कॅराव्हॅनचा आकडा ताडून पाहिला आणि हंसमानीवर बोट ठेवलं. घरातला एवढा मोठा निर्णय मी एकटीने घेतला, असं पहिल्यांदाच होत होतं. विल्फ रागावून गॅरेजच्या आवारात दुसऱ्या कुणाची तरी कॅराव्हॅन बघायला गेला, तेवढ्यात डग्लसने गोळ्यावरचा काळा रंग घासून काढला. कपलिंगच्या आतले पॅड गोळ्यावर घासूनच कॅराव्हॅनला डुलू देत नाहीत, म्हणून गोळा कायम कोरडा ठेवायचा, असं त्याने मला बजावलं.

शुक्रवारी सकाळी निघालो. यॉर्क मागे पडलं, ऊन पडलं होतं आणि मी बसमध्ये पोरांना दम द्यायचे त्याच आवाजात गाणी म्हणत होते. उतारावर एक लॉरी शेजारून भर्रकन गेली आणि मागून कॅराव्हॅन डुलली. एकदा डावीकडे, मग उजवीकडे, मग आणखी जोरात. स्टिअरिंग हातात हलकं झालं. ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, मी चाक सरळ धरलं आणि वेग उतरू दिला. हळूहळू ती ताळ्यावर आली. पहिल्या थांब्यावर मी गाडी बाजूला घेतली. खरं सांगायचं तर अंगात एक वेडा उत्साह भरला होता. सावरली होती मी तिला.

"डुलली," विल्फ म्हणाला. एवढंच.

मी उतरले. हरल्याचं तोंड करून टोबारजवळ बसले आणि कपलिंग उचललं. गोळा वंगणाने माखलेला. अगदी प्रेमाने, चहूबाजूंनी, जसा तो आधीच्या गाड्यांचा बत्तीस वर्षं माखत आला होता तसा. मी बोट बुडवून त्याच्या नाकाखाली धरलं, म्हणजे त्याला दिसेल.

विल्फने वास घेतला. मग डग्लसने मला काय बजावलं होतं ते मी सांगितलं. तो गाडीला टेकला.

"सकाळी तू आंघोळीला गेलीस तेव्हा लावलं. निदान एक तरी काम माझं असावं म्हटलं गं," तो म्हणाला.

मला त्याचा राग यायला हवा होता. तो आलाही, पण त्याचा चेहरा बघून मी डिकीतून फडकं आणि सँडपेपर काढले. आम्ही दोघांनी गुडघे टेकून गोळा पुसला, मग सँडपेपरने गोळा आणि पॅड घासले. दिसत नव्हतं तरी चाचपून चाचपून त्याने माझ्याहून स्वच्छ केलं.

मग त्याने फोन काढला. नंबर मी लावून दिला. फायलीला गाडी घेऊन थांबलेला स्टॅनली पलीकडून, डुलली का, असं विचारत असावा.

"डुलली. माझ्या मूर्खपणाने डुलली, आणि ग्लेनिसने सावरली," विल्फ म्हणाला. "तू परत जा. कॅराव्हॅन विकायची नाही."

तो माझ्या शेजारी येऊन बसला, पट्टा लावला आणि पुढच्या वळणाला किती मैल राहिलेत ते मला विचारू लागला. मी सांगितलं, आणि चाळीसच्या वेगाने आम्ही समुद्राकडे निघालो.