गोणपाटातला बर्फ

“काका, तेल तापलं. हात खिशातून काढा की आता!”

ऑपरेटरबाईंनी हाक मारली तरी मिस्त्रींचा उजवा हात खिशातच होता. पंपघरात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला बेअरिंग बसवणं काही नवं नव्हतं. पण गेल्या सहा महिन्यांपासून हा हात त्यांचं ऐकेनासा झाला होता. रिकामा असला की थरथरायचा, कामाला लावला की जास्तच. घरी बायकोला ठाऊक होतं. इथे कुणालाच नाही, अशी मिस्त्रींची भाबडी समजूत होती.

मागच्या महिन्यात दुसऱ्या पंपाचं बेअरिंग शाफ्टवर अर्ध्यातच अडकलं. “शाफ्टच खराब आहे,” म्हणून त्यांनी वेळ मारून नेली होती. ते कापून काढण्यात दोन दिवस गेले. आज नवं बेअरिंग एकच शिल्लक होतं, रुग्णालयाची टाकी तळाला गेली होती आणि साहेबांचे फोनवर फोन येत होते. आजही अडकलं तर बिंग फुटणार, आणि नोकरीची उरलेली दोन वर्षं कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून काढावी लागणार.

काम तसं सोपं. बेअरिंग म्हणजे पोलादी कडं; थंड असताना ते शाफ्टच्या दांड्यावर चढत नाही आणि ठोकलं तर फुटतं, म्हणून ते तेलात तापवायचं. तापून केसभर फुगलं की सरळ धरून सरकवायचं. निवलं की ते शाफ्टला असं आवळून बसतं, की हलायचं नाव नाही. पण सगळा खेळ काही सेकंदांचा. हात जरा तिरका झाला, की संपलं.

“थांबा हं,” म्हणत बाईंनी शाफ्टच्या टोकाला गुंडाळलेलं गोणपाट सोडलं. धूळ बसू नये म्हणून बांधलं असेल, असं मिस्त्रींना वाटलं होतं. आतून बर्फाचे तुकडे घळाघळा खाली पडले.

“हे काय गं?”

“घरून आणलाय. सकाळीच बांधून ठेवला. शाफ्ट आकसला की तेवढीच जागा जास्त,” कोरड्या फडक्याने शाफ्ट पुसत बाई म्हणाल्या. “डोळे काय वटारताय? तुम्हीच शिकवलंत ना!”

शिकवलं होतं खरं. अठरा वर्षांपूर्वी, कामावर येऊन आठवडा झालेला असताना बाईंनी विचारलं होतं, “लोखंड फुगलं, तर मधलं भोक बुजत नाही का?” सगळे खो खो हसले होते. मिस्त्रीही हसले होते, पण मग त्यांनी खडूने जमिनीवर गोल काढून दाखवला होता. फुगताना सगळंच मोठं होतं, भोकसुद्धा. थंडीत सगळंच आकसतं.

म्हणजे हिला हाताचं सगळं माहीत होतं. मिस्त्रींना लाज वाटली.

त्यांनी जाड हातमोजे चढवले, तेलातून बेअरिंग उचललं. हात थरथरलाच. बेअरिंग शाफ्टच्या कडेवर एकदा आपटलं, दुसऱ्यांदाही आपटलं. मग मात्र सुळ्ळकन आत गेलं आणि थेट शाफ्टच्या आतल्या पायरीला टेकलं.

चार वाजता पंप सुरू झाला. बाईंनी चहाचा पेला पुढे केला. मिस्त्रींनी खिशातून उजवा हात काढला आणि पेला त्याच हाताने घेतला. थोडा चहा सांडला. बाईंनी तिकडे पाहिलं नाही.

“पोरी,” ते म्हणाले, “फार उपकार केलेस.”

“काहीतरीच तुमचं, काका!”

मिस्त्रींनी चहा संपवला. मग कोपऱ्यात पडलेले हातमोजे उचलून त्यांनी बाईंच्या मांडीवर ठेवले.

“पुढच्या वेळी बेअरिंग तू बसव. बर्फ मी आणीन.”