चंदगडला किती मार्क

आमचे सूर्यकांत दुबईत, रास अल खोरच्या एका गोदामात सेफ्टी ऑफिसर आहेत. दिसेल त्या गोष्टीला पाचपैकी मार्क द्यायची सवय घरापर्यंत आलेली. माझ्या उपम्यालाही मार्क! पूर्वी वैताग यायचा. पण दोन वर्षांपूर्वी एप्रिलात अजमानला आमच्या बिल्डिंगखाली कमरेएवढं पाणी साचलं, लिफ्ट बंद, नळ कोरडे, तेव्हा यांच्या पलंगाखालच्या कॅनमधल्या पाण्यावर अख्ख्या मजल्याने तीन दिवस काढले. खोटं कशाला बोलू, मला नवऱ्याचा फार अभिमान वाटला.

तेव्हापासून यांना एकच ध्यास. रिटायर होऊन गावाकडे राहायचं, स्वतः पिकवून खायचं. जागा शोधली चंदगड तालुक्यात, पार कोल्हापूरच्या दक्षिण टोकाला. दोन एकर, काजूची झाडं, बारमाही विहीर. लगेच शीट तयार! पाणी पाच. माती पाच. वीज दोन, पावसाळ्यात चार-चार दिवस जाते म्हणे. आणि मोठं हॉस्पिटल बेळगावला, दीड तासावर. एक.

त्या एकावर गाडी अडली. गेल्या वर्षी यांच्या हृदयात स्टेंट बसवलाय. शुक्रवारी जागेच्या मालकांना कळवायचं होतं आणि गुरुवारी हे म्हणाले, "खलास. नाही सांगून टाकतो." तोंड एवढंसं झालं होतं.

"आधी शेजार तरी बघा!" मी डाफरले.

मालकांकडून नंबर घेऊन शेजारच्या दर्शनाताईंना फोन लावला, स्पीकरवर. यांनी गोदामातलाच प्रश्न विचारला. "इमर्जन्सी आली तर तुमची प्रोसीजर काय?"

"आं? वाडीतल्या मोऱ्यांची जीप हाय की. किल्ली दाराला टांगलेली असती. ज्याला येतंय त्यानं चालवायची. माझ्या सासऱ्यास्नी तशीच नेली, वाचले." काय बाई आहे, मला वाटलं. तेवढ्यात तिनेच विचारलं, "आता तुमी सांगा. तुमास्नी काय येतंय?"

यांनी फोन माझ्याकडे सरकवला. वीस वर्षं दुसऱ्यांना तपासणारा माणूस, त्याला कधी कोणी तपासलंच नव्हतं.

"आगीचं, पाण्याचं, विजेचं सगळं येतं यांना," मीच म्हणाले. "आणि मी नर्स आहे. बावीस वर्षं. त्यातली नऊ हार्टच्या वॉर्डात."

"आगं बाई!" दर्शनाताई ओरडल्या. "हितं पोराला ताप आला तरी बघायला कोण न्हाई. कधी येताय?"

फोन ठेवला आणि माझं डोकं फिरलं. "विहिरीला मार्क, मातीला मार्क, काजूला मार्क! मी कुठंय तुमच्या शीटमध्ये?"

हे हळूच म्हणाले, "तू असणारच ना गं. म्हणून धरलंच नाही."

मला रडू आलं, मेलं. "मी हॉस्पिटल नाही," मी म्हटलं. "दीड तास तो दीड तासच. पण पहिली दहा मिनिटं माझी. आणि जीपही मीच चालवीन."

यांनी लॅपटॉप ओढला, हॉस्पिटलपुढचा एक खोडला आणि पाच लिहिले.

"तीन," मी म्हणाले. "खोटे मार्क नकोत."

यांनी तीन केले आणि मालकांना फोन लावला.