दोनाचे तीन

आतडं आतून बघायची दुर्बीण हातात कशी धरायची, हे तिला सरांनीच शिकवलं. मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होणाऱ्या आजाराचे रोगी सरांकडे लांबलांबून यायचे. आतून आतडं नुसतं लाल दिसलं तर एक गुण, सालपटं निघालेली असली तर दोन, खोल जखमा नाहीतर आपोआप वाहणारं रक्त दिसलं तर तीन. "नजर असावी तर हिच्यासारखी," सर चारचौघांत म्हणायचे आणि ही धाकटी डॉक्टरीण मनातल्या मनात फुलायची.

गोळ्या हरल्यावर द्यायचं इंजेक्शन कुणाला लागू पडेल हे गुणांवरून कळतं का, या सरांच्या अभ्यासासाठी तिने साठ रोग्यांचे इंजेक्शन सुरू होण्याआधीचे व्हिडिओ पाहून गुण दिले. पुढे कोण बरं झालं, हे तिला मुद्दामच सांगितलं नव्हतं. निष्कर्ष झकास निघाला: तीन गुणवाल्यांना इंजेक्शन लागू पडतच नाही. विभागात नियमच झाला. गोळ्या हरल्या आणि गुण तीन आले, की इंजेक्शनात वेळ न घालवता थेट ऑपरेशन. पहिलं ऑपरेशन झालं ते एका सुतारमामांचं. मोठं आतडं काढलं, शौचासाठी पोटाला पिशवी लागली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, परिषदेची तयारी करताना, तिने सहज गुण टिपलेली आपली वही सरांनी केलेल्या तक्त्याशी ताडून पाहिली. चौदा नंबरच्या रोग्याला तिने दोन दिले होते, तक्त्यात तीन. अशा अकरा ठिकाणी दोनाचे तीन झाले होते, आणि ते अकराही जण बरे न झालेले.

ती तडक सरांच्या खोलीत गेली.

"अगं, दोन आणि तीनमध्ये असतं काय? एक जखम," सर हसले.

"ती जखम मला दिसली नाही, सर."

"निकाल कळल्यावर दिसते. निबंधावर तुझं नाव पहिलं टाकलंय ना? मग?"

तिला आपल्या बापाने खिसा कापावा तसं वाटलं.

तिने वही चौकशी समितीपुढे ठेवली. समितीसमोर सर शांतपणे म्हणाले, "ही वही तिने मागाहून लिहिलीय." तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

बाहेरच्या दोन डॉक्टरांनी सगळे व्हिडिओ नव्याने पाहिले. त्यांचे गुण वहीशी जुळले. नियम रद्द झाला, सरांना खुर्ची सोडावी लागली. खऱ्या गुणांवरून इंजेक्शन लागू पडेल का याचा अंदाज येत होता, पण जेमतेमच.

सुतारमामा तपासणीला आले, तेव्हा तिने दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे इंजेक्शनने मी बरा झालो असतो?"

"कदाचित. नक्की नाही सांगता येत. पण एकदा देऊन बघायला हवं होतं."

मामांनी शर्टावरून पोटाची पिशवी चाचपली. "खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं हो तुमच्या सरांनी, दुसरा इलाज नाही म्हणून."

"तक्रार करायची असली तर मी साक्ष देईन."

"कागद द्या," मामा म्हणाले. "आणि लिहा तुम्हीच. सही मी करतो."